मोहधऱ्याचा कावळा

प्रिय सुभद्रावहिनी,

तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही.

हे वाक्य लिहून मी लेखणी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. वाक्य तसेच आहे. तुमची तेरवी आटोपली, पाहुणे परतले, माझ्या विनयने भाड्याच्या सतरंज्या पोचत्या केल्या. दारव्ह्याच्या या घरात आता मी आणि पंख्याची घरघर एवढेच उरलो आहोत. दहाव्याला जे घडले ते कोणाला सांगावे? ज्यांना सांगावे ते सारे तिथे हजर होते. नव्हतात त्या फक्त तुम्ही. म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

दुसऱ्या कोणत्याही गावी असे झाले असते, तर मी म्हटले असते, असेल माउलीची एखादी इच्छा अडलेली. पण मोहधऱ्यात? आपल्या घाटावर? वहिनी, माझी बुद्धी अजून ठिकाणावर आलेली नाही.

‘मोहधऱ्याचा कावळा’ ही पंचक्रोशीची म्हण होती, आठवते ना? एखाद्याला हाक मारावी आणि तो तोंडातला घास तसाच ठेवून धावत यावा, की लोक म्हणत, “आला पाहा मोहधऱ्याचा कावळा!” ज्यांच्या गावी नदी होती, घाट होता, तीही माणसे बैलगाड्या जुंपून दहाव्यासाठी आपल्या नाल्यावर येत. पिंड दगडावर ठेवून कर्ता माणूस मागे वळतो न वळतो, तोच निंबावरून काळी झेप येई. वचन देण्याची वेळच येत नसे!

एकदा एका बड्या घरचा दहावा होता. थोरल्या मुलाने मनाशी वचनांची मोठी जुळवाजुळव करून ठेवली होती. “बाबा, धाकट्याला मी...” एवढे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले, आणि पिंड फुटला! धाकट्याचे काय करणार होता, ते अखेर कोणाला कळलेच नाही. तुम्ही घाटाजवळच्या आपल्या खानावळीच्या दारात उभ्या होता. पदर तोंडाशी धरून म्हणालात, “भाऊजी, धाकट्याचं नशीब फुटलं ना हो! कावळ्यानं दम त धरायचा व्हता जरासा.”

मी तेव्हा नुकताच प्रवचने करू लागलो होतो. मोठ्या गांभीर्याने तुम्हाला समजावले, की वहिनी, हे स्थान जागृत आहे, येथे पितरांची तृप्ती तत्काळ होते. तुम्ही कणकेचे हात झटकलेत. “जागृत? रोज दुपारी भाकरी टाकून त्याहीले जागं कोन करते, ते नाई सांगत तुमची पोथी?”

मी ते हसण्यावारी नेले. तुमचे प्रत्येक बोलणे थट्टाच आहे, असे मी धरूनच चाललो होतो. तुम्ही तरी एखादी गोष्ट सरळ का सांगितली नाहीत, वहिनी? सत्याला मीठमसाला लावून वाढायची ही तुमची खोड आम्हाला केवढ्याला पडली!

दहाव्याच्या सकाळी आम्ही फाट्यावर उतरलो. तुम्ही गेलात त्या दिवशी मी पोचलो तोवर दिवस कलला होता. तुमच्या मुखाखेरीज दुसरे काही मी पाहिलेच नव्हते. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत माझे मोहधऱ्याला येणे झाले नव्हते. दिवाळीला तुम्हीच दारव्ह्याला येत होता. त्यामुळे माझ्या मनात गाव होते तसेच होते. जरा ओसरलेले, जरा म्हातारे, पण गाव. फाट्यावरच्या पानटपरीपाशी कोणीतरी विचारले, “एवढी मंडळी कुठं चालली रे?” टपरीवाला चुना मळता मळता म्हणाला, “रिठावर.”

रिठ! मी जागच्या जागी थांबलो. विनय म्हणाला, “बाबा, चला ना.” ओसाड पडलेल्या गावाला आपल्याकडे रिठ म्हणतात, हे मला का ठाऊक नव्हते? लहानपणी आम्ही गुरे घेऊन रिठांवर जात असू, पडक्या भिंतींवरून उड्या मारत असू. पण रिठ हे नेहमी दुसऱ्याचे गाव असते, वहिनी! आपल्या गावाचे रिठ झालेले माणसाने कसे ऐकावे?

आणि डोळ्यांनी कसे पाहावे? घरे पडली असती तर दुःख समजू शकलो असतो. घरे पडलेली नव्हती, सोलून नेलेली होती. टिना नाहीत, चौकटी नाहीत, दारे नाहीत. ज्याने त्याने फाट्यावर घर बांधताना मोहधऱ्यातले आपले दार खांद्यावर घालून नेले. कापसाच्या बाजाराचे ते मैदान, जिथे गाड्यांच्या रांगांतून वाट काढावी लागे, तिथे तरोटा आणि बाभूळ. स्टेशनच्या फलाटाला भेगा, आणि भेगांतून उगवलेला रुईचे झुडूप. एक तुमची खानावळ तेवढी शाबूत. सारवलेले अंगण, उंबऱ्याला हळदीकुंकू, आणि खुंटीवर ती पितळी परात. तुम्ही आत आहात आणि आता म्हणाल, “चप्पल भाएर काढा, पंडित,” असे मला खरोखरच वाटले.

ते गाव उभे तरी कशावर राहिले होते? एका विहिरीवर! दादा नेहमी सांगत असे. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे पाठीवर मीठ आणि धान्य लादून या वाटेने जात, त्या काळी त्यांच्या नायकाने ती विहीर खणली. विहिरीपाशी बैल थांबले, बैलांपाशी माणसे थांबली, माणसांपाशी दुकाने आली. पुढे छोटी रेल्वेगाडी आली, तीही याच रानातून नेली, कारण इंजिनाला पाणी लागे आणि ते या विहिरीला होते. ओझ्याचे बैल उठले, बंजाऱ्यांचा तांडा जवळच वस्ती करून शेती करू लागला. पण गाव वाढले. इंजिन पाणी पिई तोवर गाडी खोळंबे, उतारू खाली उतरत, त्यांना भूक लागे. म्हणून दादाने खानावळ काढली. म्हणून तुम्ही चुलीपुढे उभ्या राहिलात.

शिटी वाजली की तुम्ही पळीने परात वाजवायच्या. ठण्, ठण्, ठण्! त्या आवाजाला उतारू येत, आणि ते जेवून उठले की त्याच आवाजाला कावळे येत. पानांवरचे उष्टे तुम्ही घाटाकडच्या चपट्या दगडावर नेऊन टाकीत होता. “आ रे, आ!” म्हणत होता. सारा निंब काळा होऊन खाली उतरे. तोच तो दगड, वहिनी! ज्या दगडावर पंचक्रोशीचे पिंड ठेवले जात, तो तुमच्या कावळ्यांचे रोजचे ताट होता. हे साऱ्या गावाला दिसत होते आणि कोणालाही दिसले नाही.

पुढे पाणी न पिणारे इंजिन आले. आठवते? लोकांनी त्याला हार घातला. मीच मंगलाष्टकांच्या चालीवर एक श्लोक रचून म्हटला होता. हसायचे की रडायचे? ज्या इंजिनाला पाणी लागत नाही, ते थांबेल कशाला? गाडी आली आणि गेली. जेवणारे कमी झाले. मग पक्का रस्ता झाला, तो गावापासून दूर, टेकाडापलीकडून. बाजार फाट्यावर गेला, गाडीच बंद झाली, शाळेला कुलूप लागले, आणि एकेक घर दार काढून निघून गेले.

द्वारका समुद्राने गिळली, असे पुराण सांगते. प्रवचनात तो भाग मी मोठा रंगवून सांगत असे. पण तिला निदान समुद्र तरी लागला! आपल्या मोहधऱ्याला काय लागले? एक तहान नसलेले यंत्र, आणि एक फाटा. ना प्रलय, ना शाप, ना कोणाचा क्रोध. आकाशातून एखादी वीज कोसळली असती, तर मी तिला नमस्कार केला असता.

असो. दगडावर पिंड ठेवले. नाल्यात डबक्याएवढेच पाणी होते. आम्ही मागे सरलो आणि निंबाकडे पाहत उभे राहिलो.

कोणी आले नाही.

तुमची भाची सुलभा पुढे झाली. फाट्यावरच्या जिच्या हॉटेलात अधूनमधून जाऊन तुम्ही वरणाला नावे ठेवीत होता, तिच्या डोळ्यांना धार लागली होती. “आत्या, तुयी पातेली मोडीत देत नाई. त्यातच वरन शिजवीन. आंबट चुका बी टाकत जाईन, तू सांगतली तशी.” निंबाचे पान हलले नाही. मी हात जोडले, मारुतीला दर शनिवारी तेल घालण्याचे वचन दिले. काही नाही. तांड्यावरची चांदीबाई, जिने तुम्हाला रोज दूध आणून दिले आणि जिला त्या दुपारी तुम्ही खाटेवर शांत झालेल्या दिसलात, ती पदर पसरून म्हणाली, “याडी, तुयी शेळी मी सांभाळतो. खाटकाले देत नाई, मायची आन. ये आता, उन तापून राह्यलं.” तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. तुम्ही तरीही आला नाहीत!

मग साऱ्यांच्या नजरा हळूहळू विनयकडे वळल्या. तुम्हाला ठाऊकच आहे. स्टेशनलगतची सपाट जमीन सौरऊर्जेच्या पाट्या बसवणाऱ्यांना हवी आहे, आणि त्या जमिनीच्या ऐन मध्यावर तुमची खानावळ. तुमच्यामागे ती विनयकडेच येणार, म्हणून त्यांचे लोक त्याच्याशी बोलून गेले होते. तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवले होते, म्हणे. विनयने कपाळावरचा घाम पुसला. पुढे झाला, गुडघे टेकले. “मोठी आई, खानावळ मी विकणार नाही. शब्द देतो.”

मला वाटले, आता! आता नक्की! चांदीबाईही म्हणाली, “आता येते पाहा.”

तरी कोणी आले नाही. ऊन पायांना चटके देऊ लागले. कळंबहून आणलेले गुरुजी घसा खाकरून म्हणाले, “महाराज, दर्भाचा करू या का?”

मी त्यांच्यावर ओरडलो, वहिनी. दहाव्याच्या दिवशी ओरडलो! “मोहधऱ्याच्या घाटावर दर्भाचा कावळा? या घाटाची ख्याती ठाऊक आहे का तुम्हाला?” ते बिचारे शांतपणे म्हणाले, “असेल हो ख्याती. शास्त्रात सोय आहे म्हणून सुचवलं. मला पुढे एक वास्तुशांतही आहे.” आणि त्यांनी दर्भाच्या काड्या वळायला घेतल्या. मागून चांदीबाई पुटपुटली, “गवताचा कावळा! याडी हसून हसून लोळून राह्यली असन तिकडं.”

तो दर्भाचा कावळा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. त्याला चोच होती, शेपूट होते. तो हातात घेऊन मी उभा राहिलो, आणि तेव्हा कुठे माझ्या कानांनी ऐकले. काय ऐकले? काहीच नाही! सकाळपासून कुठे एक ‘काव’ उमटलेला नव्हता. मी वर पाहिले. वैशाखाचे दिवस, कावळ्यांच्या घरट्यांचा हंगाम. आणि त्या अवाढव्य निंबावर एकही घरटे नव्हते. कावळा शिवत नव्हता, असे नव्हे. कावळाच नव्हता.

ज्याला आम्ही वचनांमागून वचने देत होतो, तो त्या गावात उरलेलाच नव्हता!

आणि मग तुमचा फोन आठवला. गेल्या दिवाळीनंतरचा. “भाऊजी, आता त कावळे बी फाट्यावर राह्याले गेले.” मी मोठ्याने हसलो होतो. काय सुंदर उपमा दिलीत, असे म्हणालो होतो. फळे सरली की पक्षी झाड सोडतात, या अर्थाचे एक जुने सुभाषितही ऐकवले होते. तुम्ही ते पुरते ऐकून घेतलेत. मग विचारलेत, “बराबर हाये. पन मले सांगा, तुमच्या दारव्ह्यात हायेत काय कावळे?” मी म्हणालो, असतील. तुम्ही म्हणालात, “पायत जा कदीमदी.”

वहिनी, ती उपमा नव्हती! तुम्ही मला बातमी सांगत होता. आणि तो प्रश्न? तुम्ही तुमच्याच दहाव्याची सोय विचारत होता का? गावोगावच्या मृतांना ज्यांनी जन्मभर तृप्त केले, त्यांना स्वतःच्या पिंडाची काळजी पडली होती का? दर्भाचा कावळा मी पिंडाला लावला खरा, पण कसा लावला ते मला आठवत नाही.

चांदीबाई सांगत होती, शेवटपर्यंत तुम्ही दुपारची भाकरी दगडावर ठेवीत होता, परात वाजवीत होता. “पन येकल्या बाईच्या ताटात उरते कायले, महाराज? अर्धी भाकर. अर्ध्या भाकरीवर कितीक कावळे राह्यतीन?”

अन्न शिजले की गृहस्थाने काकबली काढून ठेवावा, असे शास्त्र सांगते. यावर मी किती वेळा निरूपण केले असेल! कावळा पितरांचा दूत, म्हणून त्याला घास. पण त्याची उलट बाजू मला कधी सुचली नाही: गृहस्थ उठला तर दूत राहील कोठे? शास्त्राने कावळ्याला पितरांशी जोडण्याआधी चुलीशी जोडले आहे. तुम्हाला ते भाकरी थापताना कळले होते.

परतताना फाट्यावर सुलभाच्या हॉटेलात थांबलो. तिने उरलेला नैवेद्य केळीच्या पानावर मागच्या टिनांवर ठेवला. तिने हातही पुरता काढून घेतला नव्हता, वहिनी! मोबाईलच्या मनोऱ्यावरून, पिंपळावरून, कोठून कोठून ते आले. पान उलटेपालटे झाले. ती ओरडली, “काका, हे पाहा! हे त आपलेच!” मी पाहत राहिलो. आपलेच होते. तीच घाई, तोच निर्लज्जपणा. मोहधऱ्याचे कावळे!

विनय चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ टिनांकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे बाबा, मोठ्या आईची इच्छा वगैरे काही अडली नव्हती. कावळेच इकडे होते. मग ते माझं...”

“तुझं काय?”

“नाही, म्हणजे... तो शब्द. तो लागू होतो का?”

सुलभाने झारा तसाच कढईवर धरला. “वा रे वा, विनयदादा! कावळा नाई पाहून शब्द देल्ला, अन् कावळा पाहून वापस घेऊन राह्यला?”

मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याचा प्रश्न खोटा नव्हता. रिकाम्या निंबाला दिलेले वचन, ते वचन खरे का? मी धर्मशास्त्र आठवू लागलो, आणि मला एकही ओळ सापडेना. शेवटी विनयच म्हणाला, “वर्षश्राद्ध मोहधऱ्यातच करू. त्या दिवशी तिथं कावळा शिवला, तर खानावळ तुमची. नाही शिवला, तर मात्र तुम्ही मला अडवायचं नाही.” मी क्षणभरही न थांबता होय म्हणालो. माझे मलाच आश्चर्य वाटले.

तर वहिनी, आता इतकेच उरले आहे. वर्षाच्या आत त्या निंबावर एक कावळा परत यायला हवा. नाहीतर तुमच्या चुलीवर काचेच्या पाट्या बसतील, आणि मोहधरा हे नाव टपरीवाल्याच्या त्या एका शब्दात मिटून जाईल.

तेरवी झाल्यावर परवा मी एकटाच तिकडे जाऊन आलो. हो, गुडघ्यांसकट! चांदीबाई शेळ्या घेऊन आली होती, तिच्यासोबत तांड्यावरचे दोन गुराखी. मी तुमची चूल पेटवली. जन्मात प्रथमच. धुराने डोळे चुरचुरले, तशी ती म्हणाली, “सरा महाराज. भाकर मी टाकतो. तुमी वरन पाहा. अन् मिठाले हात लावू नका.” आम्ही चौघे जेवलो. उरलेले मी दगडावर नेऊन ठेवले, परात वाजवली आणि मोठ्या विश्वासाने निंबाकडे पाहत उभा राहिलो.

शेळी आली! तुमचीच शेळी, वहिनी. तिने माझ्यादेखत सारे साफ केले आणि परातीकडे पाहत आणखी मागितले. गुराखी पोट धरून हसले. चांदीबाई म्हणाली, “याडीच्या परातीचा आवाज वळखला तिनं.” मीही हसलो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

म्हणून हे वचन. निंबाला नव्हे, घाटाला नव्हे, प्रत्यक्ष तुम्हाला देतो. यंदाचा चातुर्मास मी मोहधऱ्यात करीन, तुमच्या खानावळीत. रोज चूल पेटेल. त्या रानात दुपारी जो कोणी असेल, गुराखी असो, वाट चुकलेला असो, त्याला मी वरण-भाकरी वाढीन, म्हणजे ताटांत काही उरेल. अर्धी भाकरी पुरत नाही, हे तुम्ही शिकवून गेलात. चातुर्मास संपला आणि निंब रिकामाच असला, तर मी उठणार नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी माझ्या हातात दर्भ असणार नाही.

परात घासून खुंटीला लावली आहे. तीन ठोके, आणि मग “आ रे, आ”. बरोबर ना?

तुमच्या हातचे खाऊन वाढलेला,
आणि मिठाला हात न लावणारा,
तुमचा धाकटा दीर
केशव